शार्कपटातला महापौर

पुण्याहून समुद्र गाठायचा तर घाट उतरून शंभराहून जास्त किलोमीटर जावं लागतं. बहुतेक पुणेकरांनी जिवंत शार्क पाहिलेला नाही आणि पुढेही पाहण्याची शक्यता कमीच. तरी शार्कच्या सिनेमाचा विषय निघाला की घरातल्या तीन पिढ्या एकाच वेळी बोलायला लागतात. आजोबा कॅम्पातल्या थिएटरच्या आठवणी काढतात, मुलगा भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटच्या, आणि नात मोबाईलवर कालच पाहिलेल्या फ्रेंच शार्कपटाची गोष्ट सांगते. सापाचे, मगरीचे, महाकाय कोळ्यांचे सिनेमे आले नि गेले. शार्क मात्र टिकला. ‘जॉज’ २० जून १९७५ ला अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याला पन्नास वर्षं उलटून गेली, तरी त्याच्या पोटातून निघालेले सिनेमे थांबायचं नाव घेत नाहीत.

या सिनेमांबद्दल दोन मतं ठरलेली असतात. एक म्हणतं, ही निव्वळ करमणूक आहे, दोन तास घाबरा आणि घरी जा. दुसरं म्हणतं, या सिनेमांनी एका निष्पाप प्राण्याला राक्षस ठरवलं, असले सिनेमे काढूच नयेत. माझं भांडण दोघांशीही आहे, कारण दोघंही फक्त दातांकडे बघतात. शार्कपट टिकला तो दातांमुळे नव्हे. धोका आहे हे ठाऊक असूनही ‘काही नाही, चला पाण्यात’ असं सांगणाऱ्या माणसांमुळे तो टिकला. ती माणसं आपल्या चांगल्या ओळखीची आहेत.

आधी पाण्याबद्दल बोलायला हवं, कारण भीतीची सुरुवात तिथून होते. समुद्र लांब असला तरी तळ न दिसणारं पाणी आपल्याला परकं नाही. गावाकडच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या कुणालाही विचारा. पाणी हिरवंगार, पाय खाली हलताहेत, आणि कमरेखालचं स्वतःचंच शरीर दिसत नाही. नदीच्या डोहाजवळ गेलं की म्हातारी माणसं बजावायची, तिकडं उतरू नको, तिथं आसरा आहेत. साती आसरांची ती भीती पोरांना सरळ पायात जाणवायची. पुराणातली गोष्टही तीच सांगते. गजेंद्र एवढा बलाढ्य हत्ती, पण नक्राने त्याचा पाय धरला तो पाण्याखालून, आणि जमिनीवरची सगळी ताकद तिथं कुचकामी ठरली.

आपल्या सिनेमानेही ही भीती फार लवकर ओळखली. दादासाहेब फाळके यांनी १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’ काढला. त्यात त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. पाण्यात उडी घेणारं पोर आणि पाण्याखाली दबा धरून बसलेला शत्रू, असा मामला मराठी माणसाने हॉलिवूडच्या शार्कच्या कितीतरी आधी पडद्यावर आणला. त्या मूकपटाचा बराच भाग सुदैवाने शिल्लक आहे आणि तो पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपला आहे. त्या कथेचा शेवट कसा होतो, त्याकडे मी पुढे येणार आहे.

‘जॉज’च्या चित्रीकरणाची गोष्ट अनेकांना माहीत आहे, पण ती इथं सांगायलाच हवी. स्टीव्हन स्पीलबर्ग तेव्हा तिशीही गाठलेला नव्हता. त्याने तलावात किंवा स्टुडिओच्या टाकीत न जाता खऱ्या समुद्रात चित्रीकरण करायचा हट्ट धरला. शार्कचे यांत्रिक पुतळे खाऱ्या पाण्यात सारखे बंद पडत राहिले. ५५ दिवसांचं ठरलेलं चित्रीकरण १५९ दिवस चाललं. शार्क दाखवता येत नाही म्हटल्यावर दिग्दर्शकाने पाणीच दाखवायला सुरुवात केली. छायालेखक बिल बटलर यांनी कॅमेरा पाण्याच्या रेषेवर ठेवता येईल अशी पेटी तयार करवून घेतली. त्यामुळे अनेक दृश्यांत लाटा थेट भिंगाला चाटून जातात. अर्धा पडदा हवा, अर्धा पडदा पाणी. प्रेक्षक खुर्चीत बसलेला असतो, पण त्याची हनुवटी पाण्याला टेकलेली असते. पोहताना आपल्याला जग असंच दिसतं, वर सगळं काही आणि खाली काहीच नाही. शार्क नीट दिसतो तो सव्वा तास उलटून गेल्यावर. तोपर्यंत तुटून वाहत जाणारा धक्क्याचा तुकडा आणि जॉन विल्यम्स यांच्या संगीतातले ते दोन स्वर, एवढ्यावर माणसं खुर्चीचा हात घट्ट धरून बसतात.

त्या संगीतातला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. मधे दोन पोरं शार्कसारखा पुठ्ठ्याचा पर पाठीला लावून पाण्यात गंमत करतात आणि किनाऱ्यावर पळापळ होते. त्या प्रसंगात ते दोन स्वर वाजत नाहीत. म्हणजे सिनेमा प्रेक्षकाशी प्रामाणिक आहे, खोट्या धोक्याला तो खरी सूचना देत नाही. प्रेक्षक नकळत त्या सुरांवर विसंबतो, सूर नाहीत म्हणजे धोका नाही. मग एका क्षणी पोलीसप्रमुख ब्रॉडी बोटीच्या मागच्या टोकाला उभा राहून पाण्यात मासळीचे तुकडे फेकत असतो, आणि कुठल्याही सुरावटीशिवाय शार्क तोंड वर काढतो. ज्या सूचनेवर आपण विसंबलो होतो ती आलीच नाही. घाबरवण्याचं हे तंत्र पुढे हजार जणांनी उचललं, पण आधी विश्वास बसवावा लागतो हे त्यांच्यातल्या बहुतेकांना कळलंच नाही.

आता महापौराकडे येतो. ॲमिटी नावाचं बेट, उन्हाळ्यातल्या पर्यटकांवर जगणारं. पहिली मुलगी मरते. शवचिकित्सा करणारा डॉक्टर आधी शार्कचा हल्ला म्हणतो, मग त्याच्यावर दबाव येतो आणि तो बोटीच्या पंख्याचा अपघात म्हणायला लागतो. ब्रॉडीला किनारा बंद करायचा असतो. महापौर आणि गावातली वजनदार मंडळी त्याला फेरीबोटीवर गाठतात आणि गोड बोलून, पाठीवर हात ठेवून त्याचा विचार मोडून काढतात. कुणी ओरडत नाही, कुणी धमकी देत नाही. एवढंच सांगतात की सीझन तोंडावर आलाय, चार जुलैची स्वातंत्र्यदिनाची सुट्टी आलीय. त्यानंतर एक लहान मुलगा मरतो. काळ्या कपड्यातली त्याची आई येऊन ब्रॉडीच्या थोबाडीत मारते आणि विचारते की तुला माहीत होतं, तरी तू किनारा उघडा ठेवलास. ब्रॉडी मान खाली घालतो. अख्ख्या सिनेमात मला सर्वांत जास्त हलवतं ते हे दृश्य, आणि त्यात शार्क कुठेच नाही.

ही गोष्ट सिनेमाच्याही आधीची आहे. हेन्रिक इब्सेनने १८८२ साली लिहिलेल्या नाटकात गावच्या औषधी स्नानगृहाचं पाणी दूषित असल्याचं डॉक्टरला कळतं. ते बंद पडलं तर गावाचं उत्पन्न बुडेल, म्हणून महापौर असलेला त्याचा सख्खा भाऊच त्याला गप्प करतो. सत्यजित राय यांनी त्याच नाटकावरून १९८९ मध्ये ‘गणशत्रू’ केला, त्यात दूषित झालं ते देवळातलं तीर्थ. स्नानगृह असो, देऊळ असो की समुद्रकिनारा, पाणी, पैसा आणि दडपलेली सूचना हे तिघं एकत्र आले की गोष्ट आपोआप आपल्या गावात येऊन बसते.

पुणे जिल्ह्यातल्या पावसाळ्याकडे बघा. १५ जून २०२५ च्या रविवारी मावळात इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जण गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथं आधीपासून होता. त्याच्या आदल्या वर्षी ३० जूनला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्यामुळे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी घुसलं, आणि आम्हाला वेळेवर कुणी सांगितलंच नाही, अशी तिथल्या रहिवाशांची तक्रार होती. दरवेळी क्रम तोच असतो. दुर्घटना होते, बंदीचा आदेश निघतो, दोन रविवार पोलीस उभे राहतात, तिसऱ्या रविवारी पुन्हा गाड्यांची रांग लागते. हे पाहणाऱ्या माणसाला ॲमिटीचा महापौर परदेशी कसा वाटेल?

इथं एक सांगितलंच पाहिजे. तो महापौर खलनायक म्हणून लिहिलेला नाही, आणि हाच त्या पटकथेचा मोठेपणा आहे. नांगरांच्या नक्षीचा कोट घालून हसत फिरणारा हा माणूस मोठा हल्ला झाल्यावर खचतो आणि पुटपुटतो की माझी मुलंही त्या किनाऱ्यावर होती. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. चार महिन्यांच्या पावसावर वर्ष काढणारे लोणावळ्याचे आणि सिंहगडाचे भजीवाले, भुट्टेवाले, पार्किंगवाले, रिक्षावाले यांना कुणी म्हणावं की धंदा बंद करा, आणि त्यांची चूल कशी पेटणार ते सांगू नये? किनारा बंद ठेवण्याची किंमत नेहमी गरीब माणूस मोजतो, म्हणून ती उघडा ठेवणाऱ्याच्या पथ्यावर पडते. किनारा बंद करणं हा निम्माच निर्णय आहे. बंद असलेल्या दिवसांची भरपाई कोण देणार, हे ठरवणं हा उरलेला निम्मा. तो ॲमिटीने घेतला नाही आणि आपणही घेत नाही.

नंतरच्या शार्कपटांपैकी जे लक्षात राहिले, त्यांत हा धागा सापडतो. ‘डीप ब्लू सी’मध्ये (१९९९) औषधासाठी शार्कच्या मेंदूत फेरफार करणारी प्रयोगशाळा आहे आणि तिच्यामागे पैसा घालणारा माणूस आहे. ‘ओपन वॉटर’मध्ये (२००३) पाणबुड्यांची बोट परत निघताना डोकी मोजण्यात चूक करते आणि एक जोडपं भर समुद्रात मागे राहतं. सगळी भीती एका चुकलेल्या मोजणीतून उगवते. २०२४ च्या ‘अंडर पॅरिस’मध्ये शार्क सेन नदीत शिरलेला असतो, शहरात मोठी क्रीडास्पर्धा ठरलेली असते आणि महापौरबाई ती रद्द करायला तयार होत नाहीत. पन्नास वर्षांनी, दुसऱ्या देशात, दुसऱ्या पाण्यात, पुन्हा तेच पद आणि तोच नकार. उलट ‘शार्कनाडो’सारखे वावटळीतून शार्क उडवणारे सिनेमे मित्रांच्या घोळक्यात बघायला ठीक आहेत, पण त्यांच्याबद्दल यापुढे लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

आता शार्कच्या बदनामीचा मुद्दा. तो हलका नाही. ‘जॉज’नंतर अमेरिकेत मर्दुमकी म्हणून शार्क मारण्याचं पेव फुटलं. मूळ कादंबरीचे लेखक पीटर बेंचली यांनी उरलेलं आयुष्य समुद्राच्या रक्षणासाठी बोलण्यात घालवलं. स्पीलबर्गनेही २०२२ मध्ये एका मुलाखतीत खंत व्यक्त केली. जगभरात माणसाने न डिवचता शार्कने चावे घेतल्याच्या घटना वर्षाला साधारण साठ-सत्तर असतात आणि त्यांतले मृत्यू बहुधा दहाच्या आत. माणूस मात्र वर्षाला सुमारे दहा कोटी शार्क मारतो, असा २०१३ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या १९७० नंतरच्या अर्धशतकात ७१ टक्क्यांनी घटल्याचं २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं.

हा सगळा दोष सिनेमावर टाकणं मात्र मला पटत नाही. हे कोट्यवधी शार्क सिनेमा पाहून चिडलेल्या माणसांनी मारलेले नाहीत. ते मैलोन्‌मैल लांबीच्या गळांच्या दोऱ्यांना लागले, ट्रॉलरच्या जाळ्यात दुसऱ्या मासळीबरोबर आले, परांच्या सूपसाठी कापले गेले. त्या अभ्यासातही कारण म्हणून बोट दाखवलं आहे ते बेसुमार मासेमारीकडे. म्हणजे इथंही ॲमिटीचंच झालं. पडद्यावर दिसणाऱ्यावर खापर फुटलं आणि पाण्याखाली चाललेला धंदा नामानिराळा राहिला.

शार्क पाहायला पुणेकराला थिएटरात जायची गरज नाही. गणेश पेठेच्या मासळी बाजारात मुशी मिळते, तो शार्कच. कोकण किनाऱ्यावर सर्रास सापडणारी जात जेमतेम दोन फुटांची. राखाडी पाठ, पांढरं पोट, फावड्यासारखं चपटं नाक, आणि तोंड खालच्या बाजूला दडलेलं. उलट्या दिशेने हात फिरवला तर कातडी पॉलिश पेपरसारखी लागते. मालवणी घरात मोरीच्या, म्हणजे या मुशीच्याच, मटणाचं कौतुक आहे आणि ते कुणी सोडावं असं मी म्हणत नाही. पण ज्या प्राण्याने जगाची झोप उडवली तो बहुतेक वेळा असा बर्फावर, पिल्लासह किलोच्या भावाने पडलेला असतो, हे शार्कपटाच्या चाहत्याने एकदा जवळ उभं राहून पाहावं.

गुजरातचं उदाहरण या बाबतीत उमेद देणारं आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर तेलासाठी आणि मांसासाठी व्हेल शार्कची बेसुमार शिकार व्हायची. जगातला हा सर्वांत मोठा मासा प्लवक आणि बारीकसारीक जीव गाळून खातो, माणसाच्या वाटेला जात नाही. माईक पांडे यांच्या माहितीपटाने ती शिकार लोकांपुढे आणली, २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं. मग मोरारी बापूंनी मच्छीमारांना सांगितलं की ही माहेरपणाला येणारी लेक आहे. ज्या हातांनी तो मारला जायचा त्याच हातांनी जाळी कापून तो सोडला जाऊ लागला. जाळ्याची भरपाई देण्याची सोयही झाली. भावनेबरोबर भरपाई आली म्हणून ते टिकलं.

कालियाचा शेवट इथं आठवतो. कृष्ण त्याला मारत नाही. कालियाच्या बायका पदर पसरतात आणि कृष्ण त्याला यमुना सोडून समुद्रात जायला सांगतो. गोकुळाचं पाणी स्वच्छ होतं आणि नागही जगतो. ‘जॉज’मध्ये शार्कच्या तोंडात हवेचं नळकांडं अडकवून त्याला उडवून देतात, थिएटरात टाळ्या पडतात, आणि डॉक्टरला जबाब बदलायला लावणाऱ्यांचा हिशेब तसाच राहतो. सिनेमा म्हणून तो शेवट जबरदस्त आहे. आपण प्रत्यक्षात तसेच शेवट मागायला लागतो, तेव्हा मात्र काळजी वाटते.

ती काळजी मला जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या बातम्या वाचताना वाटते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह तिघं गेली. माणसं रस्त्यावर उतरली, आणि त्यांचा संताप शंभर टक्के खरा होता. ज्या घरातलं लेकरू अंगणातून उचलून नेलं त्या घराला शहरातल्या कुणी प्राणिप्रेम शिकवू नये. पण शहरात आपण काय केलं? सीसीटीव्हीतल्या बिबट्याच्या चित्रफिती एकमेकांना पाठवल्या, सिनेमा बघावा तशा. खरे-खोटे सगळेच. त्या गर्दीत शेतकऱ्यांची एक जुनी मागणी हरवली, शेतीला दिवसा वीज द्या. पाण्याची पाळी रात्री येते म्हणून माणूस रात्री उसात उतरतो, आणि उसात बिबट्याची दुसरी-तिसरी पिढी जन्मलेली असते. बिबट्या पकडून माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात नेता येतो, नरभक्षक ठरला तर गोळीही घालता येते. विजेचं वेळापत्रक बदलायचं तर कुणाला तरी बैठकीत बसून पैसे मोजावे लागतात. त्या बैठकीची चित्रफीत कुणी कुणाला पाठवत नाही.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं तुम्ही सिनेमात घालताय, प्रेक्षक तर फक्त दचकायला जातो. दचकायलाच जातो, मान्य. पण दचकणं दुसऱ्यांदा बघताना निम्मं होतं, दहाव्यांदा उरत नाही. तरी लोक ‘जॉज’ दहाव्यांदा बघतात. करोनाच्या काळात जगभर त्याच महापौराची आठवण काढली गेली, शार्कची नव्हे. भीतीने माणूस आत येतो, पण आत आल्यावर त्याला स्वतःचं गाव दिसतं, म्हणून तो पुन्हा येतो.

म्हणून शार्कपट बंद करा म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे, आणि ही फक्त करमणूक आहे म्हणणाऱ्यांनाही. मला तर हा सिनेमा मराठीत हवा आहे. विषयाला तोटा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणा खाडीत एका तरुण मच्छीमाराच्या पायाचा शार्कने लचका तोडला. खाडीत, समुद्रात नव्हे. ॲमिटीसारखा सीझन म्हणाल तर मालवणात दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते, स्कूबा आणि पॅरासेलिंगच्या बोटी दिवसभर फेऱ्या मारतात, आणि घरगुती खानावळींचं वर्षाचं गणित त्या पंधरा दिवसांवर असतं. अशा एखाद्या गावात सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी बैठक बसली आहे, एक म्हातारा मच्छीमार सांगतोय की उद्या बोटी सोडू नका, आणि ज्याने कर्ज काढून बोट घेतली तो त्याचाच जावई आहे. कोकणातला एखादा लेखक हा प्रसंग डोळे मिटून लिहील. निर्मात्यांना माझी एवढीच विनंती आहे, की संगणकावर शार्क बनवण्यात पैसे घालण्याआधी ही बैठक लिहून घ्या, आणि तिच्यात बोटवाल्या जावयालाही पुरेसं बोलू द्या.